अण्णांचा पगारी संघ

सांगलीत जुनी माणसं भेटली की अजून कुणीतरी विचारतं, तुम्ही भूपालअण्णांच्या कन्या ना, फुटबॉलवाल्या? मी हो म्हणते. मग दोनपैकी एक वाक्य येतं. पहिलं असं, की संघाचा मालक असावा तर अण्णांसारखा. दुसरं वाक्य ते माझ्या तोंडावर बोलत नाहीत, माझी पाठ वळली की बोलतात, आणि वयामुळे मला कमी ऐकू येतं असा त्यांचा समज असल्यामुळे ते मला अगदी नीट ऐकू येतं: याच माणसानं वडूजकडचं ते पोरगं मारलं. दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता कशानंच काही होत नाही. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि घरी येते.

आमच्या भागात कुणी काय पोसावं याला धरबंध नव्हता. कुणी पैलवान पोसायचं, कुणी शर्यतीची बैलजोडी, कुणी नुसतेच मेहुणे. आमच्या अण्णांनी फुटबॉलचा संघ पोसला. ते हळदीचे व्यापारी. धोतर, काळी टोपी, सुटलेलं पोट. आयुष्यात त्यांनी चेंडूला पाय लावलेला कुणी पाहिला नव्हता. एकदा मिरजेला कामासाठी गेले, वाटेत मैदानावर सामना चालू होता, तो बघत उभे राहिले आणि घरी आले ते संघ काढायचा असं ठरवूनच. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वानं त्यांना खुळ्यात काढलं नाही की कौतुकही केलं नाही. जेवायला किती जण असतील, एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठी परात काढून चिंचेनं घासायला घेतली.

पोरं आसपासच्या तालुक्यांतून आलेली. अण्णा त्यांना महिन्याचा पगार द्यायचे, राहायला पेढीमागची लांब खोली आणि दोन वेळचं जेवण आमच्या घरात. सकाळी त्यांनी पेढीवर नाहीतर हरिपूरला हळदीच्या पेवांवर वरकाम करायचं, दुपारी पडायचं आणि ऊन कलल्यावर मैदानात जायचं. आम्ही जैन. सूर्य बुडायच्या आत आमच्या घरात जेवणं उरकलेली असायची आणि त्यातून संघालाही सूट नव्हती. गावातले बाकीचे संघ अंधार पडेपर्यंत मैदानात घाम गाळायचे आणि आमची पोरं दिवेलागणीच्या आधी हात धुऊन पंगतीला. कोंबड्यांबरोबर खुराड्यात जाणारा संघ अशी त्यांची चेष्टा व्हायची. ताटात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पण ज्वारीच्या भाकरीची चवड, मसुराची आमटी, हरभऱ्याची उसळ, दही, शेंगांची चटणी आणि गुळाचा खडा. वाढायला मी आणि अव्वा. गोलकीपर दगडू कवठेमहांकाळचा, दाराला टेकला तर दार कुरकुरेल असा. तो मला म्हणायचा, अक्का, ह्या जेवणावर लय पळता येतं खरं, पण भांडायला जोर येत न्हाई. आठवड्यातून एकदा तो दोघातिघांना घेऊन मटण खायला मिरजेला जायचा. अण्णांना ते माहीत होतं. बाहेर काय खाताय त्याच्याशी माझा संबंध न्हाई, घरात येताना चूळ भरून या, असं ते एकदा सगळ्यांना मिळून म्हणाले आणि तो विषय तिथं संपला.

घरात तेव्हा जे आवाज होते ते आता कुठल्याच घरात ऐकू येत नाहीत. हळदीला पॉलिश करायचा लोखंडी पिंप मागच्या आवारात दिवसभर गडगडायचा. त्यात शहाबादी फरशीवर बुटांच्या खिळ्यांचा खडखडाट, चेंडूत हवा भरायच्या पंपाचा फुसफुसाट आणि चेंडूच्या तोंडाची वादी आवळताना कुणीतरी दिलेल्या शिव्या, ज्या मी वाढायला आले की मध्येच तुटायच्या. संघाचे सदरे मुळात पांढरे घेतले होते. आमच्या घरात हळदीचा धुरळा कशावर बसत नसे? एका हंगामात ते असे पिवळे पडले की दुसऱ्या हंगामात अण्णांनी पिवळेच शिवून घेतले.

चांगला मालक कशाला म्हणायचं ते मला सांगता येणार नाही. मी एकच मालक जवळून पाहिला. मिरजेच्या संघाचे मालक सिनेमाचं थिएटर चालवायचे. ते सामन्यात रेघेवर उभे राहून छत्री हलवत ओरडायचे, कुणाला आत घ्यायचं कुणाला बाहेर हे तेच सांगायचे, आणि जिंकलं की चेंडू काखेत मारून त्यांचाच फोटो निघायचा. अण्णा लांबच्या गोलामागं कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसायचे. कोण खेळणार हे त्यांनी कधीच ठरवलं नाही. ते कप्तानाचं काम. माझ्या मामांचा मुलगा संघात यावा म्हणून अव्वाकडून वशिला आला, तेव्हा कप्तानाला इचारा, असं म्हणून ते हिशेबाला बसले, आणि कप्तानानं त्या मामेभावाला सरळ घरी पाठवला. जिंकलं त्या दिवशी घरात रोजचंच जेवण असायचं. हरले की अण्णा अव्वाला हुग्गी करायला सांगायचे. गव्हाची दाट खीर, वर तूप. पोरं मान खाली घालून खायची आणि अण्णा पंगतीच्या टोकाला बसून पावसापाण्याचं बोलायचे, सामन्याचं चकार शब्द नाही. मला तेव्हा वाटायचं, यांना खेळातलं काही कळत नाही म्हणून गप्प राहतात. अजूनही ते अगदीच खोटं असेल असं वाटत नाही.

त्यांचा हुकूम असा एकच होता, आणि तो पेवांचा. हरिपूरला जमिनीत खोल खड्डे असतात, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद, रांजणासारखे. त्यांत हळद भरायची, तोंड झाकून माती लिंपायची. वर्ष काढलं तरी कीड लागत नाही, कारण आत वाराच नाही. जिथं किड्याला जगता येत नाही तिथं माणसालाही येत नाही. म्हणून पेव उघडलं की आधी बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. उतरायची माणसं ठरलेली असत. संघातल्या पोरांनी वर पोती शिवायची, उचलायची, पण पेवात पाय टाकायचा नाही. तुमचे पाय माझ्या ताब्यात दिलेत तुमच्या आईबापांनी, असं अण्णा म्हणायचे.

संपत वडूजच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बाप फौजेतून हवालदार होऊन परत आलेला, आणि त्याच्याबरोबर छावण्यांतून फिरताना संपत फुटबॉल शिकला. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, भाकरी चुरून खाणारा. मैदानात मात्र त्याच्या पायात चेंडू आला की गोलामागच्या सतरंजीवर अण्णा गुडघे जवळ घेऊन बसायचे. बाकी कुणी कळलं नाही तरी संपत त्यांना कळत होता. मुंबईत एका मोठ्या कंपनीचा संघ होता, खेळायचं आणि कायमची नोकरी. त्यांच्या माणसाला अण्णांनी स्वतः बोलावून घेतलं, आमच्या घरी उतरवून घेतलं आणि संपतचा खेळ दाखवला. पेठेत लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आपला सगळ्यात भारी खेळाडू आपल्या हातानं कोण देतं? अण्णा म्हणाले, आपल्या मैदानात त्याला पळायला जागा कमी पडती. त्या माणसाला संपत पसंत पडला. येत्या रविवारी एक सामना अजून बघायचा आणि संपतला बरोबर घेऊनच जायचं असं ठरलं. त्या सामन्यासाठी अण्णांनी नवा चेंडू मागवला. संपतनं गावी निरोप धाडला. हवालदारांनी घरावरची कौलं बदलायला काढली आहेत असा उलट निरोप आला, तो त्यानं मला पंगतीत वाढताना सांगितला. त्याच्याकडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

त्या आठवड्यातली ती दुपार. दिवाळी होऊन गेली होती, हळदीचा भाव चढला होता. मी कॉलेजला सुट्टी म्हणून पोरांचं जेवण टांग्यातून हरिपूरला घेऊन गेले होते. एका पेवातली अर्धी हळद आठवड्यापूर्वी काढून ते परत बंद केलं होतं. गुजरातचा एक व्यापारी माल बघायला यायचा म्हणून त्या दिवशी ते नुकतंच उघडलं होतं. व्यापारी आला आणि अण्णा त्याला घेऊन शेडकडं गेले, आठवड्यापूर्वी काढलेल्या हळदीचा नमुना आधी दाखवायला. तोंड उघडं होतं, दोर लोंबत होता, राखायला कुणी ठेवलं नव्हतं. हे मी लिहिते, कारण अण्णांचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत. जेवणं झाल्यावर पोरं तिथंच मोकळ्या जागेत नवा चेंडू खेळवत होती. अण्णांनी तेही कधी बंद केलं नव्हतं. उलट कौतुकानं बघत थांबायचे. कुणाचा तरी पाय जोरात बसला, चेंडू टप्पा घेत गेला आणि पेवात पडला.

सगळे हसले. मीही हसले असेन. आठवड्यापूर्वी त्याच पेवात माणसं दिवसभर उतरून काम करत होती, हे संपतनं पाहिलं होतं. त्यामुळे ते तेव्हापासून उघडंच आहे असं त्याला वाटलं असावं. असावं म्हणते, कारण विचारता आलं नाही. आलोच, म्हणाला, दोर धरला आणि सरसर खाली गेला. खालून काही आवाज आला नाही. दगडूनं हाक मारली. मग पोत्यावरून पोतं पडावं तसं काहीतरी ऐकू आलं.

अण्णा शेडकडून धावत आले. त्यांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दगडू दोर धरून अर्धा आत गेला होता. अण्णांनी त्याला केसांना धरून मागं ओढला आणि स्वतः पेवाच्या तोंडाला आडवे बसले, दोन्ही पाय पसरून, जसा एखादा उंबऱ्यात बसतो. कंदील आना म्हणाले. कंदील सोडला, तो निम्म्यात विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. पोरं ओरडत होती, शिव्या देत होती, हातापाया पडत होती. आत हवा खेळावी म्हणून कुणी घोंगडी दोरीला बांधून वरखाली करू लागलं, कुणी निंबाचे डहाळे, कुणी पाण्याच्या घागरी ओतत होतं. अण्णा सरकून तेवढ्यापुरती जागा देत होते, माणसाला जाईल एवढी नाही. आणि मग आतून घोरल्यासारखा आवाज येऊ लागला. लांब लांब अंतरानं. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

दगडू म्हणाला, "आण्णा, त्यो जित्ता हाय. ऐका की, घोरतोय त्यो."

"ऐकतोय मी," अण्णा म्हणाले.

"मग मला सोडा. कमरंला दोर बांधा आन् सोडा."

"दिवा जळंतवर कोन बी उतरनार न्हाई."

दगडूनं अण्णांच्या मुस्काटात मारली. टोपी उडाली आणि पेवात गेली. अण्णा हलले नाहीत. त्यानं दुसरी मारली, आणि मग बाजूला जाऊन जमिनीवर डोकं आपटायला लागला. तिघांनी त्याला धरला. मी जेवणाच्या डब्यांशी उभी होते. माझ्या हातात झाकण होतं ते मी डब्यावर बसवत होते. ते बसत नव्हतं, कारण ते त्या डब्याचं नव्हतं, पण मी तेच बसवत राहिले. मला वाईट वाटत होतं का? लोक विचारतात. मला काहीही वाटत नव्हतं. आवाज कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. पुढं केव्हातरी कंदील जळत तळाला टेकला आणि पेवात उतरायच्या माणसांतला एक जण दोर बांधून आत गेला. संपतला वर काढला तेव्हा त्याच्या केसांपासून नखांपर्यंत हळद होती. नवऱ्यामुलासारखा दिसत होता, असं बायका नंतर म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. मला तसं काही सुचलं नाही. मला हळद दिसली, एवढंच.

दवाखान्यात नेलं, पंचनामा झाला, ते सगळं जसं होतं तसं झालं. डॉक्टर अण्णांना म्हणाले, अजून कुणी उतरला असता तर तोही गेला असता, आणि त्याला काढायला जो उतरला असता तोही. अण्णांनी मान हलवली. संघातल्या कुणी डॉक्टरांचं ऐकलंसुद्धा नाही. अव्वा मला म्हणाली, तिकडं त्याची आई असंल, बाईमाणूस कुनीतरी पायजे, माझे गुडघे ट्रकात चढू देत न्हाईत, तू जा. म्हणून मी गेले. ट्रकच्या मागं संपत आणि सगळा संघ, पुढं ड्रायव्हरशेजारी अण्णा आणि मी. तासगाव, विटा, मायणी. विट्याच्या पुढं ऊस संपला आणि दोन्ही बाजूला हातभर वाढलेली ज्वारी आणि मोकळं माळरान सुरू झालं. अण्णांच्या डाव्या गालावर बोटं उमटली होती. ते रस्त्याकडं बघत होते आणि खिशातली हळकुंडं चाचपत होते, जी त्यांच्या खिशात नेहमीच असायची. मला भूक लागली होती आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

गावानं सगळं केलं. हवालदारांनी फौजेतला कोट घातला होता आणि ते कुणी सांगेल तिथं उभे राहत होते, कुणी सांगेल तिथं बसत होते. घराच्या एका बाजूची कौलं काढलेली, नवी कौलं भिंतीशी रचलेली. सगळं आटोपून माणसं अंगणात टेकली, तेव्हा दगडू उठला आणि त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. सगळं सांगितलं, घोरण्याचा आवाजसुद्धा. शेवटी म्हणाला, मी काढला आसता त्याला. ह्यांनी मला उतरू दिलं न्हाई. गावातली दोन-चार माणसं उभी राहिली. हवालदारांनी हात वर करून त्यांना बसवलं. डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांनी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं. आम्ही दोघं घोंगडीवर शेजारी शेजारी बसलो होतो, आणि मला आपण कुणाच्या तरी दुसऱ्याच घरचं काही बघतोय असं वाटत होतं.

मग संपतची आई आली. माझ्या अव्वाच्याच वयाची, पण लहानखुरी. ती आतल्या बायकांतून उठून, सगळ्या पुरुषांमधून चालत आली आणि आमच्यासमोर बसली. ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं. तिनं आधी अण्णांच्या गालाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"मालक, ही तुमची लेक न्हवं?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

"अजून कोन हाय तुमास्नी?"

"एकलीच हाय."

"ही आत पडली आसती," ती म्हणाली, "आन् असाच आवाज येत आसता. तर तुमी काय केलं आसतं?"

दगडू मान वर करून बघत होता. अण्णा माझ्याकडं वळले. असं एकटक ते माझ्याकडं कधी बघत नसत. आमच्यात बापांनी मुलींकडं तसं बघायची रीत नव्हती.

"दिवा सोडला आसता," ते म्हणाले.

"आन् इझला आसता तर?"

"परत सोडला आसता."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यांना अगदी जवळून ओळखणाऱ्या माणसालाही त्यात खोटं सापडलं नसतं, आणि तिथं तसं माणूस एकटी मीच होते. संपतच्या आईनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग तिनं हात पुढं करून माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवत बसली. मला काय होतंय ते कळायला थोडा वेळ लागला. पोरगं तिचं गेलं होतं, आणि ती माझी कीव करत होती.